बंद बाजार, बंद दारे

(महागाव येथील तालुका बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, पीकविमा आणि वीज यांवर माझ्यानंतरचे वक्ते बोलणारच आहेत. मला बोलायचे आहे ते 2020 आणि 2021 या दोन वर्षांबद्दल. करोनाचा तो काळ आपण विसरायला निघालो आहोत. घरात मरण झाले की तेरवीनंतर माणूस कामाला लागतो, तसे आपण लागलो. पण हिशेब मांडायचा राहून गेला. संघटनेचा माणूस हिशेब सोडत नसतो.

आधी पैशाचा हिशेब मांडू. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून सारा देश बंद झाला. आपल्या कोरडवाहू भागात तेव्हा काय होते? शेवटच्या वेच्याचा कापूस घरात होता. भाव वाढेल म्हणून कुणी थांबले होते, तर कुणाची गाडी खरेदी केंद्रावर लागायची राहिली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात 5,550 रुपये क्विंटल होता. सीसीआय आणि पणन महासंघाची खरेदी थांबली, जिनिंग बंद पडले, जिनिंगवरचे परप्रांतीय मजूर गावाकडे निघून गेले, गाठी आणि सरकी जागच्या हलेनात. पुढे खरेदी सुरू झाली, पण नोंदणी करा, निरोपाची वाट पहा, आणि दिवसाला मोजक्याच गाड्या. मृग लागला, पाऊस पडला, तरी कापूस घरातच. त्याच खोलीत लेकरे झोपत होती आणि रात्रभर अंग खाजवत होती. बियाण्याला पैसा हवा म्हणून ज्याने माल दारावर आलेल्या व्यापाऱ्याला दिला, त्याने हमीभावाच्या कितीतरी खाली दिला.

सरकारने शेतीला बंदीतून सूट दिली होती, हे खरे आहे. पण ती सूट कसली होती? नांगरा, पेरा, निंदा, फवारा, याला सूट. आठवडी बाजार मात्र बंद, एसटी बंद, चहाचे हॉटेल बंद. म्हणजे पिकवायला परवानगी आणि विकायला बंदी. दुकानदाराचे शटर खाली आले तर त्याचा धंदा बंद झाला असे सगळे म्हणतात. शेतकऱ्याला शटर नाही, म्हणून त्याचा धंदा बंद झालेला कुणाला दिसला नाही. रिझर्व्ह बँकेने हप्ते आधी तीन महिने आणि मग ऑगस्ट 2020 अखेरपर्यंत पुढे ढकलायला मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले. बाजार थांबला, व्याज थांबले नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याच्या घरी ज्वारीची कणगी भरलेली होती आणि गोठ्यापाशी कडब्याची गंजी होती, तो घर म्हणून उभा राहिला. कापूस कितीही पांढरा असला तरी तो खाता येत नाही. गेल्या तीस वर्षांत आपण ज्वारी काढून सोयाबीन आणि पऱ्हाटी वाढवली. त्याला कारणे होती. ज्वारीला भाव नव्हता, पाखरे आणि रानडुकरे होती, कापणीला मजूर मिळत नव्हता. मी कुणाला दोष देत नाही. पण घराला वर्षभर पुरेल एवढी ज्वारी पेरणे हा मागासलेपणा नाही. तो बंद बाजाराविरुद्धचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता कुणा कंपनीला भरावा लागत नाही.

आता दुसरा हिशेब. हा जड आहे.

आपला तालुका नागपूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. त्या उन्हाळ्यात या रस्त्याने डोक्यावर गाठोडी घेऊन माणसे चालत गेली. मे महिन्यात आर्णीजवळ मजुरांच्या बसला अपघात होऊन घरी निघालेली माणसे रस्त्यातच संपली. त्याच दिवसांत गावोगावी आपण काय केले? शिवेवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकल्या. पुण्या-मुंबईहून येणारा आपलाच पोरगा, आपलीच लेक, आणि आपण सांगितले की गावात येऊ नका.

मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. काट्या टाकणाऱ्यांत मीही होतो. माझा सख्खा पुतण्या बायको-लेकरासह आला. त्याला मी चौदा दिवस शाळेत ठेवले. ते बरोबरच होते, रोगाची भीती खरी होती. पण त्या चौदा दिवसांत मी एकदाही शाळेच्या कुंपणापर्यंत गेलो नाही. भाकरी दुसऱ्याच्या हाती पाठवली. लांब उभा राहून दोन शब्द बोलायला कोणत्या कायद्याची आडकाठी होती? तो आजही माझ्याशी कामापुरताच बोलतो, आणि त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही.

सरकारने शब्द दिला ‘सामाजिक अंतर’. अंतर शरीरात ठेवायचे होते, आपण ते मनात ठेवले. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, वाळीत टाकणे. गावकुसाबाहेर ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठेवले, त्यांना हे नवीन नव्हते. आपल्याला ते पहिल्यांदा कळले. 1918 च्या मानमोडीच्या साथीतही आपल्या वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पडली होती. तेव्हा फोन नव्हता. आता प्रत्येक खिशात फोन होता, तरी घरे एकाकी पडली.

एकटेपणाने काय होते हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. फेब्रुवारी 2021 मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला जिल्ह्यांवर पुन्हा निर्बंध आले. एप्रिलमध्ये वणीला दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात माणसे दगावली. आणि आपल्याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, पत्नी आणि चार लेकरांसह 19 मार्च 1986 ला गेले. त्या दिवशी आपण दरवर्षी अन्नत्याग करतो. 2020 सालीही केला, आणि आठवड्याच्या आतच देश बंद झाला. कर्ज हे मूळ कारण आहेच, घामाचे दाम मिळाल्याशिवाय ते हटणार नाही. पण कर्जाची गोष्ट मोकळेपणाने सांगायला कुणी नसणे, हे त्या कर्जावरचे चक्रवाढ व्याज आहे.

म्हणून या बैठकीपुढे मी चार कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक गावात दहा घरांमागे एक कार्यकर्ता आणि एक कार्यकर्ती नेमा. त्यांनी आठवड्यातून एकदा प्रत्येक उंबऱ्यावर जावे. साथ असेल तर अंगणातून हाक मारावी. बाईमाणसाशी वेगळे बोलावे, कारण घरातला ताण आधी तिला कळतो.

दुसरे, माल घरात अडकला तर तो किती आणि कुणाचा, याची यादी गावानेच करावी आणि खरेदी केंद्रावर सगळ्यांनी मिळून मागणी करावी. एकटा गेला की तो अडला असे व्यापाऱ्याला कळते. धान्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे, तिची चौकशी आताच करून ठेवा. गरज पडल्यावर कागद सापडत नाहीत.

तिसरे, घरापुरती ज्वारी पेरा.

चौथे, ज्याची झोप उडाली आहे, जो जेवत नाही, पारावर येईनासा झाला आहे, त्याला एकटे सोडू नका. 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. क्रमांक देऊन मोकळे होऊ नका, त्याच्या शेजारी बसून फोन लावा.

भावांनो, भावासाठी आपण रस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. तेव्हा अनोळखी शेतकऱ्याची भाकरी आपण वाटून खाल्ली. तीच माणसे 2020 मध्ये आपल्याच माणसांचा रस्ता अडवून उभी होती. पुन्हा साथ येईल तेव्हा अंतर पाळू, तोंडाला रुमाल बांधू, लसही घेऊ. पण काट्यांच्या अलीकडे आपला एक माणूस उभा राहील आणि पलीकडच्याला विचारील, ‘जेवलास का बाबा?’ एवढे आज ठरवून उठू.

मी आज संध्याकाळी पुतण्याच्या घरी जाणार आहे. तुमचेही कुणी असेल, तर तुम्हीही जा.