शून्यावर सही करण्याआधी

पदवीधरांनो, पेढे वाटून झालेच असतील, तेव्हा कामाचं बोलतो.

माझी सगळी नोकरी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांत, मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली. लॅब म्हणायची, पण जागा बहुधा जिन्याखाली. मिक्सिंगची नवी टाकी एका सहीत यायची. इन्क्युबेटरसाठी आम्ही वर्षभर अर्ज करायचो. महिनाअखेर ट्रक गेटवर लागला की प्रॉडक्शनचे साहेब स्वतः खाली उतरत. "काय हो, तुमचे जंतू अजून उगवले नाहीत?" जंतू डिस्पॅचची तारीख बघून वाढत नाहीत, हे साहेबांना रिटायर होईपर्यंत पटलं नाही.

एका कंपनीत मॉइश्चरायझरमधला जंतूंचा काउंट महिनोन्‌महिने शून्य येत होता. सगळे खूश. मी विचारलं, नमुना पातळ कशात करता? उत्तर आलं, साध्या सलाइनमध्ये. म्हणजे क्रीममधलं प्रिझर्व्हेटिव्ह नमुन्याबरोबर प्लेटवर जाऊन तिथेही जंतूंना दाबून ठेवत होतं. लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० हे न्यूट्रलायझर घालून ते निष्प्रभ केलं आणि तोच लॉट परत लावला. सेट्रिमाइड अगारवर हिरवट कॉलनी आणि पिकल्या द्राक्षांसारखा वास. स्यूडोमोनास एरुजिनोसा! मूळ सापडलं पाण्याच्या लाइनीत, वापर बंद झालेल्या एका फाट्यात. पाणी साचून आत बुळबुळीत बायोफिल्म जमला होता. तो फाटा कापायलाही खर्चाची मंजुरी लागली, ते सोडा.

त्याच आठवड्यात मार्केटिंगवाले 'पॅराबेन-फ्री' लेबल घेऊन आले होते. पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह काढा, माझी हरकत नाही. पण त्या जागी काय घालणार आणि त्याची चॅलेंज टेस्ट, म्हणजे मुद्दाम जंतू सोडून ते मरतात का हे बघणं, कोण करणार, हे कुणी बोलेना. क्रीमच्या बरणीत रोज बोटं जातात, लोणच्यात ओला चमचा जावा तशी.

आता जी गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो ती. स्यूडोमोनासच्या आवरणात पंप असतात. ट्रायक्लोसानसारखं जंतुनाशक आत आलं की ते उपसून बाहेर टाकतात, आणि तेच पंप कित्येक अँटिबायोटिक्सही बाहेर टाकतात. बर्कहोल्डेरिया सेपेशिया तर पॅराबेनचंच विघटन करू शकतो. अर्धवट मात्रेत प्रिझर्व्हेटिव्ह घातलं की कच्चे मरतात, चिवट उरतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत मस्कारातून स्यूडोमोनास बुबुळाच्या ओरखड्यात शिरल्याच्या नोंदी आहेत. असा जंतू औषधालाही दाद देईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी करायचं काय? ट्रायक्लोसान असलेले साबण साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही, म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या एफडीएने ते बाजारातून काढायला लावले. तोवर किती वर्षं आपण ते कौतुकाने चोळत होतो!

तेव्हा पोरांनो, नोकरीला लागलात की पहिल्याच आठवड्यात विचारा: इथे न्यूट्रलायझर कोणता वापरता, आणि तो चालतो याची नोंद कुठे आहे? फाइल सापडत नाही म्हणाले, तर ती सापडेपर्यंत एकाही शून्यावर सही करू नका. ट्रक थांबला तर थांबू दे.