बूट धावतो की पाय?

 

मागल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या शालेय शर्यती झाल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात एका शेतकरी गृहस्थांनी मला गाठले. म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? पोरगं काल पळण्यात चौथं आलं. तवापास्नं रुसून बसलंय. म्हणतंय, पुढच्या तिघांच्या पायात जाड तळाचे भारी बूट हुते. तसले असल्याबिगर म्या पळणार न्हाई. घरी दोन शेळ्या हायेत. एक इकावी म्हणतो. काय करू?"

मंडळी, मी उभा जन्म मुलांना पळवले. पण या प्रश्नाला चटकन उत्तर देणे मला जमले नाही. बुटाने धाव वाढते का, आणि वाढत असेल तर कशाने, हे नीट समजल्याखेरीज दुसऱ्याला शेळी विकायला सांगणे बरे नव्हे. म्हणून मी जे समजून घेतले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

धावताना पायावर काय बेतते ते आधी पाहू. चालताना आपला एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना मात्र क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, आणि मग सारे अंग एका पायावर येऊन पडते. तेव्हा अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्या एका पायावर येतो. चाळीस किलोचे पोर असेल तर ऐंशी ते एकशेवीस किलो, आणि तेही किलोमीटरभरात हजारएक वेळा!

तेव्हा बूट करणाऱ्यापुढे तीन कामे असतात. बुटाने जमीन धरली पाहिजे, दणका सोसला पाहिजे, आणि वजनाला हलके राहिले पाहिजे. गंमत अशी, की ही तिन्ही कामे एकमेकांच्या मुळावर येतात. आपल्याकडे टायरच्या वहाणा असतात. त्या वर्षानुवर्षे झिजत नाहीत, काटा आत येऊ देत नाहीत. पण त्या घालून शर्यत पळून पाहा! पायातल्या बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले, तर धावण्याला लागणारी शक्ती सुमारे एक टक्क्याने वाढते, असे मोजून पाहिलेले आहे.

आता हे कोडे माणसाने कसकसे सोडवत आणले ते ऐका. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होते. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला आढळले, की रबरात गंधक घालून ते तापवले म्हणजे ते टिकाऊ होते. टिकाऊ रबरी तळाची वाट तिथून मोकळी झाली. पुढे 1890 नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या बोल्टन गावी फॉस्टर नावाच्या चर्मकाराने धावण्याच्या बुटाच्या तळाला खिळे बसवले. मातीच्या धावपट्टीत खिळा रुततो आणि पाय घसरत नाही.

मग कृत्रिम धावपट्ट्या आल्या. ओरेगॉन विद्यापीठातले प्रशिक्षक बिल बॉवरमन यांना खिळ्यांशिवाय पकड देणारा तळ हवा होता. 1971 साली त्यांनी घरातला वॉफल भाजण्याचा साचा घेतला. वॉफल म्हणजे तिकडचे चौकोनी खळग्यांचे जाड धिरडे. त्या साच्यात त्यांनी रबरासारखा पदार्थ ओतला. साचा कायमचा चिकटून बसला, पण कल्पना पक्की झाली. 1974 साली तशा उंचवट्यांच्या तळाचे पेटंट त्यांना मिळाले. पकडही आली आणि वजनही उतरले.

राहिला दणका सोसण्याचा प्रश्न. त्यासाठी 1970 नंतरच्या दशकात ईव्हीए नावाचा फोम तळात आला. पाव मोडून पाहिला तर आत जाळी दिसते ना, तशी याच्या पोटात हवेची बारीक जाळी असते. म्हणून तो मऊही असतो आणि हलकाही.

पण मऊ असणे वेगळे आणि उसळणे वेगळे. गुरुजी, हे मुलांना दाखवायचे असेल तर महागडे सामान नको. मीटरपट्टी भिंतीशी उभी धरा आणि एक मीटर उंचीवरून रबरी चेंडू सोडा. तो 65 सेंटिमीटर उसळला, तर चेंडूने घेतलेल्या शक्तीतली 65 टक्के परत दिली. बाकीची उष्णतेत आणि आवाजात गेली. मग ओल्या मातीचा गोळा सोडा. तो पडतो तिथेच बसतो. मऊ तोही आहे, पण परत काही देत नाही.

बुटाचे अगदी असेच आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात 2017 साली एका नव्या बुटाची परीक्षा झाली. जुन्या धर्तीचा फोम दाबला, तर रुपयातले सुमारे 66 पैसे परत मिळत. नव्या फोमने 87 पैसे परत दिले. त्या बुटात कार्बनच्या धाग्यांची एक कडक, वाकवलेली पट्टीही होती. तयारीच्या 18 धावपटूंना बुटांची वजने सारखी करून पळवले आणि श्वासावरून शक्तीचा खर्च मोजला. नव्या बुटात तो सरासरीने चार टक्के कमी भरला. पुढे एका चाचणीत ती पट्टी आडवी चिरून पाहिली, तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे मोठी करामत फोमचीच दिसते.

याचे परिणाम जगाने पाहिले. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्ना शहरात केनियाचा एलिऊड किपचोगे याने 42 किलोमीटरांहून लांब मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले. सोबतीला पाळीपाळीने 41 धावपटू होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कॉसगे हिने स्त्रियांचा सोळा वर्षांचा विक्रम 81 सेकंदांनी मोडला. दोघांच्याही पायांत नव्या धर्तीचेच बूट होते. मग शर्यत पायांची की बुटांची, असा गलका झाला. 2020 साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने नियम केला, की रस्त्यावरच्या शर्यतीत तळ 40 मिलिमीटरांपेक्षा जाड नको आणि कडक पट्टी एकच असावी.

तेव्हा त्या पोराची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे कबूल केले पाहिजे. बुटाने फरक पडतो. पण मंडळी, फोम पदरची एक पैही घालत नाही. पायाने जे दिले, त्यातलेच तो परत देतो. आणि ते चार टक्के ताशी 14 ते 18 किलोमीटर वेगाने पळणाऱ्या, मुरलेल्या पायांचे आहेत. सावकाश पळणाऱ्याला फायदा कमी मिळतो. शिवाय असा जाड, मऊ तळ ढेकळांत आणि बांधावर डगमगतो, आणि वाढत्या वयाच्या पोराला तो बूट वर्षभरात आखूडही होतो.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकली. 1964 साली टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकली. दोन्ही खेपेला त्याची वेळ तोवरची जगातली सर्वोत्तम ठरली. बूट आले, पण पाय तेच होते.

म्हणून मी त्या गृहस्थांच्या गावी जाऊन म्हणालो, "पाव्हणं, शेळी दावणीलाच राहू द्या. पोराला अनवाणीही ठेवू नका. काटा आहे, काच आहे, तापलेले डांबर आहे. साधा, हलका, मापाचा बूट घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा असू द्या, आणि टाच आत सरकता कामा नये."

पोरगे दाराआड उभे राहून ऐकत होते. मी त्याला म्हटले, "बाळ, भारी बूट वाईट नाही. तुझे पाय त्याला पुरे पडतील एवढे तयार झाले, की आपण सगळे मिळून तो घेऊ. तोवर रोज पहाटे पळायचे."

शाळेतल्या गुरुजींनाही माझे एवढेच सांगणे आहे. शर्यतीच्या दिवशी ज्याच्या पायात भारी बूट नाहीत, तो आरंभरेषेवरून मागे फिरू लागला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. चेंडूचा प्रयोग त्याला आधीच दाखवून ठेवा. चेंडूला उसळी मिळते ती कोणीतरी तो उचलून वर नेला म्हणून, हे त्याला कळले पाहिजे.

ते पोरगे पहाटे पळते आहे. शेळीला आता करडू झाले आहे.