जुन्या पद्मिनीचे किंग-पिन आणि बुश

प्रीमिअर पद्मिनीचे पुढचे चाक वळते ते किंग-पिनभोवती. ही पोलादी पिन वर-खाली दोन धातूच्या बुशांत बसते. बुश झिजले की स्टिअरिंगमध्ये ‘प्ले’ म्हणजे ढिलेपणा येतो, गाडी सरळ रेषेत राहत नाही आणि टायर एका कडेने खाल्ले जातात.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती थांबली. खासगी पद्मिनी मात्र नोंदणीचे नूतनीकरण करून आजही चालवता येते. तिच्या मालकाने आधी पाहावे ते स्टिअरिंगच.

बुशाचा खरा शत्रू म्हणजे ग्रीसची कमतरता. पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमाता परिसरात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की ग्रीस धुऊन निघते, बारीक गाळ आत शिरतो आणि तो धातू घासत राहतो.

दुरुस्तीपूर्वी दोष नेमका कुठे आहे ते ठरवावे. चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावावी. चाक वरून व खालून धरून हलवावे. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर बहुधा किंग-पिनचा. चाक डावी-उजवीकडून धरल्यावर हलत असेल, तर टाय-रॉड एंड आणि स्टिअरिंग बॉक्स तपासावे.

बुशाऐवजी बॉल-बेअरिंग बसवण्याचा मोह टाळावा. किंग-पिन पूर्ण फिरत नाही, थोड्याशा कोनातच मागे-पुढे होते. खड्ड्यांचे हादरे त्याच त्या गोळ्यांवर बसून बेअरिंगला खाचा पडतात. बुश मात्र तोच भार मोठ्या पृष्ठभागावर पेलतो.

पिन आणि बुश दोन्ही बाजूंचे, एकाच वेळी बदलावेत. नवा बुश दाबून बसवताना त्याचे ग्रीसचे छिद्र निपलच्या छिद्रासमोर यायलाच हवे. ते चुकले तर बुश कोरडाच राहतो. मग लांब रीमरने वरचा-खालचा बुश एका रेषेत रीम करावा. ग्रीस लावलेली पिन हाताने सरकावी, पण डुगडुगू नये. पिन हातोड्याने ठोकून बसवावी लागत असेल, तर स्टिअरिंग जड होईल आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होणार नाही. वर-खालची फट शिम (पातळ चकत्या) घालून भरावी.

स्टिअरिंग बॉक्सचा प्ले कमी करणारा स्क्रू सर्वांत शेवटी, चाके सरळ ठेवून, अगदी थोडा फिरवावा. पिनचा प्ले बॉक्स आवळून लपवला, तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकते आणि तो धोका जिवावर बेततो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

पुढे नियमित ग्रीसिंग करावे, पावसाळा संपल्यावर तर नक्कीच. चाक उचललेले ठेवून ग्रीस गन चालवावी आणि काळे, जुने ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत थांबू नये.