बाणाचा टप्पा



इंग्लंडमध्ये आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, १५४१ साली, एक कायदा झाला. पत्ते, फासे, टेनिस असल्या खेळांपासून सामान्य माणसाला दूर ठेवायचं आणि धनुष्यबाणाच्या सरावाला लावायचं, हा त्याचा उद्देश. त्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. २४ वर्षांवरच्या माणसानं हलक्या बाणानं सराव करताना निशाण अकरा स्कोर यार्डांच्या आत ठेवायचं नाही. स्कोर म्हणजे वीस, आपल्याकडची कोडी. अकरा कोडी यार्ड म्हणजे २२० यार्ड, सुमारे २०१ मीटर. क्रिकेटच्या दहा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला निशाण. आज ऑलिंपिकमध्ये तिरंदाज ७० मीटरवर नेम धरतात. त्यांचं लक्ष्य वेगळं, धनुष्य वेगळं, त्यामुळे कौशल्याची तुलना इथे करत नाही. पण एवढ्या लांबवर मारायची सवय ज्या गावांना लागली होती, तिथे अंतराचे शब्दही धनुष्यातूनच निघाले.

त्यातला सगळ्यांत साधा शब्द 'बोशॉट'. बाणाचा टप्पा. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो, तसाच तो बोलण्यात येई. असले शब्द ढोबळ असतात असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. 'फौज २०० यार्डांवर आहे' म्हटलं की फक्त लांबी कळते. 'फौज बाणाच्या टप्प्यात आली' म्हटलं की आता काय करायचं तेही कळतं.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हागारची गोष्ट आहे. वाळवंटात पाणी संपलंय. मुलाचं मरण डोळ्यांनी बघवणार नाही, म्हणून आई त्याला झुडपाखाली ठेवते आणि दूर जाऊन बसते. किती दूर, तर बाणाच्या टप्प्याइतकी. मूळ हिब्रू कथेतही माप धनुष्याचंच आहे. मूल धड दिसू नये, पण त्याला पुरतं टाकून आल्यासारखंही होऊ नये, एवढं ते अंतर. मी तरी ते असंच वाचतो. त्याच बायबलात येशू प्रार्थनेसाठी शिष्यांपासून बाजूला होतो, तो दगडाच्या टप्प्यावर. हा टप्पा जवळचा. आणि बाणाच्या टप्प्याच्याही पलीकडचा म्हणजे 'फ्लाइटशॉट', लांब जाण्यासाठीच बनवलेल्या हलक्या बाणाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही 'धनु' हे माप आहे, ९६ अंगुलांचं, म्हणजे चार हातांचं. तिथे धनुष्याएवढी लांबी धरली, इंग्रजीत बाणाची धाव.

आता फर्लांग. हा शब्द आपल्याकडे आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. मुळात तो नांगराचा. नांगरानं एका दमात काढलेल्या तासाची लांबी म्हणजे फर्लांग. तो भरतो २२० यार्ड, म्हणजे हेन्रीच्या कायद्यातलं अंतर बरोबर तेवढंच. शेतकऱ्याला ते वेगळं मोजून दाखवायला नको होतं. नांगरटीच्या दिवसांत तेवढं तो शेकडो वेळा चालला होता. पुढे १५९३ साली कायद्यानं आठ फर्लांगांचा एक मैल ठरवला.

पण खरी गंमत पुढे आहे. ठरावीक अंतरावर मातीचा ढिगारा करून त्यावर निशाण लावत, त्याला म्हणत 'बट'. यापेक्षा कठीण प्रकार होता 'रोव्हिंग'. मोकळ्या माळावर हिंडायचं, समोर दिसेल ते निशाण धरायचं आणि अंतर नजरेनं जोखायचं. लंडनच्या उत्तरेला फिन्सबरीच्या माळावर अशी कितीतरी निशाणं उभी होती, आणि एकेकाला नाव होतं. १५९४ साली तिथल्या तिरंदाजांसाठी एक छोटं पुस्तकच निघालं. कुठल्या निशाणापासून कुठलं किती स्कोर आणि वर किती यार्ड, याची त्यात यादी. युद्धात शत्रू काही अंतर सांगून उभा राहत नाही. रोव्हिंगनं तयार झालेली नजर तिथे कामाला येई.

या विद्येवरचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक १५४५ सालचं, 'टॉक्सोफिलस', म्हणजे धनुष्यावर प्रेम करणारा. लेखक रॉजर ॲस्कम, पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला तो. नेम साधणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे असं तो सांगतो: बाण सरळ सोडणं आणि लेंग्थ राखणं. क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना हे शब्द अगदी घरचे वाटतील. सरळ मारणं सरावानं जमतं. लेंग्थ मात्र रोज नवी, कारण मध्ये वारा आहे. आणि वारा दिसत नाही. ॲस्कम लिहितो, की यॉर्कशरमध्ये एकदा घोड्यावरून जाताना त्यानं वारा डोळ्यांनी पाहिला. जमिनीवर बर्फ होतं, वरचा भुसभुशीत थर वाऱ्यानं उडत होता. एकाच माळावर एक झोत धावत होता आणि शेजारची पट्टी स्थिर होती. एखाद्या शास्त्रज्ञानं करावं तसं हे निरीक्षण आहे. एवढ्यासाठी तरी ॲस्कम वाचावा.

त्याच १५४५ साली हेन्रीचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज बुडालं. १९८२ मध्ये ते समुद्रातून वर काढलं. त्यातून शंभराहून अधिक लांब धनुष्यं आणि हजारो बाण मिळाले. काही धनुष्यं ओढायला १०० पौंडांहून कितीतरी जास्त जोर लागत असणार, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. लहानपणापासून रविवारी नि सणावारी सराव केल्याशिवाय असलं धनुष्य वाकत नाही. १३६३ सालीच तिसऱ्या एडवर्डनं सुटीच्या दिवशी तिरंदाजी करण्याचं फर्मान काढलं होतं.

बाकी शब्दही पुष्कळ आहेत. धनुष्याची मूठ आणि दोरी यांच्यामधलं अंतर अंगठा वर केलेल्या मुठीनं मोजतात, ते 'फिस्टमील'. स्पर्धेतला निकाल लावणारा शेवटचा बाण म्हणजे 'अपशॉट'. आज इंग्रजीत त्याचा अर्थच निष्पत्ती असा झालाय. बाणाला पिसं लावणारा कारागीर तो फ्लेचर. फ्लेचर आणि आर्चर ही आडनावं क्रिकेटमुळे आपल्यालाही ओळखीची आहेत.

एक शब्द मुद्दाम मागे ठेवला होता, 'क्लाउट'. अर्थ साधा, फडकं. लांबवरच्या निशाणाला लावलेलं पांढरं फडकं. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या दुसऱ्या भागात शॅलो नावाचा म्हातारा आपल्या मेलेल्या ओळखीच्या माणसाची आठवण काढतो. बारा स्कोरवरून, म्हणजे २४० यार्डांवरून, तो क्लाउटवर बाण मारायचा, हीच त्याची मोठी थोरवी. क्लाउटची स्पर्धा इंग्लंडमध्ये अजून होते. पुरुषांसाठी १८० यार्डांवर जमिनीत झेंडा रोवतात, बाण वर आभाळाकडे सोडतात, आणि तो झेंड्यापासून किती जवळ पडला यावर गुण देतात. दीड फुटाच्या आत पडला तर पाच.