चार दिवस विसाव्याचे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी मी सहज आमच्या सहलीची हकीकत सांगत बसले होते, ती चिटणीसबाईंनी ऐकली आणि 'आता हेच वर्धापनदिनाला सांगायचे' असा हुकूमच केला. तेव्हा जे घडले ते सांगते. काही चुकले तर पोटात घाला.

माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत आम्ही कुठेच गेलो नाही असे मी म्हणणार नाही. गावी गेलो, देवदर्शनाला गेलो, नातलगांकडे राहिलो. पण प्रत्येक वेळी माझ्याबरोबर मसाल्याचा डबा होता, पोळपाट होता आणि घरी परतल्यावर धुण्याचा ढीग होता. आमचे हे घरात पाऊल टाकताच म्हणायचे, "किती बरे वाटले नाही?" आणि मी नळाला पाणी आले आहे का ते पाहायला धावायची.

गेल्या मार्गशीर्षात माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "औषध थोडे, विश्रांती जास्त." मी म्हटले, "डॉक्टर, औषध दुकानात मिळेल. विश्रांती कुठून आणू?" डॉक्टर हसले, पण ह्यांनी ते मनाला लावून घेतले. पौष आला तसे म्हणाले, "चार दिवस जाऊ. दोन दिवस समुद्रावर, दोन दिवस मुंबईला भावजींकडे." मी एकच अट घातली. चार दिवस मी गॅस पेटवणार नाही.

पौषाचा महिना ठरवला तो विचार करून. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे आमंत्रणे नाहीत. पाऊस नाही, ऊन बेताचे आणि समुद्र शांत.

सर्वांत अवघड गोष्ट होती सासूबाईंना बोटीत बसायला तयार करण्याची. आमचा बेत अलिबागेहून मांडव्याला जाऊन बोटीने मुंबईला उतरण्याचा होता. सासूबाई म्हणाल्या, "मी येते, पण बोटीत पाय ठेवणार नाही." त्याला कारण आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सण करायला घरी निघालेली माणसे ती. त्यांत सासूबाईंचे मामा होते. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आईने पुढे जन्मात बोटीत पाऊल टाकले नाही आणि मुलींनाही टाकू दिले नाही. मी म्हटले, "आई, मांडव्याला जाऊन तर बघू. नाही वाटले तर एस. टी. ने परत फिरू." एवढ्यावर त्या निघाल्या.

पनवेलच्या स्टँडवर आम्ही सकाळची एस. टी. धरली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मी, सासूबाई आणि आमची धाकटी अशा तिघी अर्ध्यात, आणि हे एकटे पुरे. पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबाग, आणि तिथून रिक्षाने नागाव. नारळ-सुपारीच्या वाडीतच एका कुटुंबाने दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. जेवणखाण त्यांच्याच घरचे.

त्या रात्री यजमानांनी पोपटी लावली. पोपटी आपल्याला नवी नाही. पण मी एक नव्याने पाहिले. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, पुन्हा पाला, आणि मडके पालथे घालून भोवती जाळ. हे सगळे कोणी केले? यजमानांनी आणि त्यांच्या मुलाने. मडक्यावर पाण्याचा हबका मारून चुर्र आवाज झाला की झाली, हेही त्यांनाच ठाऊक. वर्षात हा एकच स्वयंपाक पुरुष हौसेने करतात, आणि तो चांगला होतो, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रात्री अंगणात बसलो तर वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. यजमान म्हणाले, हे मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा उलटा फिरतो. पूर्वीचे लोक याच वाऱ्यांवर शिडे लावून पहाटे बाहेर पडत आणि दुपारी परतत. शाळेत हे मी पाठ केले होते. अंगाला लागले ते त्या रात्री.

दुसरे दिवशी संकष्टी होती. सासूबाईंना कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे होते. किल्ला भर समुद्रात, ओहोटीला मात्र चालत जाता येते. ओहोटी केव्हा, तर त्याचा हिशेब यजमानांनी बोटांवर सांगितला. तिथीची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे तिच्या सहा तास आधी, सकाळी नवाच्या सुमाराला ओहोटी. किनाऱ्यावर विचारून खात्री केली, आणि खरेच, चिखलवाळूतून चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचे काम सुरू केले आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर! सासूबाई बराच वेळ तिच्यात वाकून पाहत होत्या.

परत येताना अलिबागेतली चुंबकीय वेधशाळा ह्यांनी बाहेरून दाखवली. ही आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने नाजूक चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ साली काम इकडे आणले. मी म्हटले, "बघा, शहराच्या धडपडीतून सुईलासुद्धा बाहेर काढावे लागले. मग मी तर माणूस आहे." हे काही बोलले नाहीत.

आता खरे सांगते. त्या संध्याकाळी मला विश्रांती सोसेना. घरच्या वहिनी चंद्रोदयासाठी मोदक वळायला बसल्या आणि माझे हात शिवशिवू लागले. मी आत जाऊन पाट ओढला. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही पैसे मोजून आलात. बाहेर बसा." मी विचारले, "वहिनी, तुम्ही कधी जाता कुठे चार दिवस?" त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "थंडीत तुम्ही येता, मे महिन्यात मुंबईकर येतात, पावसात शेत असते. आता तुम्हीच सांगा, कधी जाऊ?" मला उत्तर सुचले नाही. मी मुकाट्याने बाहेर येऊन बसले, पण तो प्रश्न माझ्याबरोबरच बाहेर आला.

तिसरे दिवशी मांडवा. तिथून मार्च २०२० पासून मोटारींसकट माणसे नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्याला जाते. तासाभराचा प्रवास, आणि तोच रस्त्याने वळसा घातला तर शंभर किलोमीटरच्या वर. सासूबाईंनी पाहिले की बोटीच्या पोटात मोटारीमागून मोटारी शिरताहेत. त्या म्हणाल्या, "एवढे ओझे घेऊन ही तरते?" मग माझा हात घट्ट धरून चढल्या. तासभर त्यांचे ओठ हलत होते. माझ्या हातावर त्यांच्या बोटांचे वळ उठले. भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर त्या पाण्याकडे वळल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "मामा, मी उतरले हो." भगिनींनो, आम्ही चौघेही तिथे थोडा वेळ उभे राहिलो. मागची माणसे बाजूने गेली, कोणी काही म्हटले नाही.

गिरगावात धाकट्या भावजींच्या दोन खोल्या आहेत. जाऊबाई नोकरी करतात. पहाटे पाचला भांड्यांचा आवाज झाला म्हणून मी जागी झाले. पाणी भरून झाले होते आणि त्या आठ माणसांची कणीक मळत होत्या. मी म्हटले, "अगं, आज कामावर नाही जायचे?" म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून दोन दिवस रजा टाकली आहे." तेव्हा मला नागावच्या वहिनींचा प्रश्न पुन्हा आठवला. माझा विसावा म्हणजे हिची रजा! मी चार दिवस गॅस पेटवणार नव्हते, पण गॅस काही विझला नव्हता. तो दुसऱ्या कोणीतरी पेटवला होता, एवढेच.

मी उठले, कणकेवर ताट झाकले आणि भावजींना आणि ह्यांना उठवले. म्हटले, "दोघे भाऊ मिळून मुलांचे जेवण बघा. आम्ही तिघी जातो बाहेर." दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. पण पोपटीचे मडके माझ्या डोळ्यांपुढे होते, म्हणून मी माघार घेतली नाही.

आम्ही भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. १८६२ सालची बाग, केवढे जुने वृक्ष! जाऊबाई मुंबईत राहून मुले लहान असतानाच काय ती एकदा आली होती. तिथे थंड केलेल्या काचघरात पेंग्विन आहेत. या जातीचे नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पाखराला कळते ते!" आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की पहारेकरी वळून पाहू लागला. मग झाडाखाली बाकावर बसलो. कोणी कोणाला वाढायचे नव्हते, कोणी हाक मारणारे नव्हते. जाऊबाई बसल्या बसल्या झोपली. तिला मी तासभर उठवले नाही. त्या चार दिवसांत मला सर्वांत जास्त विसावा मिळाला तो त्या तासाला.

घरी परतलो तर खिचडी तळाला लागली होती. आम्ही ती आनंदाने खाल्ली. दुसरे दिवशी लोकलने पनवेलला आलो. कंबर अगदी बरी झाली असे नाही, पण उतरताना पिशवी ह्यांनी मागितली नसता घेतली.

आता मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात सांगते. पहिले, आपण मंडळात दरमहा थोडे थोडे बाजूला टाकावे आणि पौषात दोन दिवस समुद्रावर, दोन दिवस मुंबईत असे जावे. दुसरे, कोणाच्या घरी उतरलो तर एक वेळचे जेवण बाहेर करावे आणि त्या घरच्या बाईला बरोबर न्यावे. तिसरे, जिथे पैसे देऊन राहू तिथेही आपले ताट आपण उचलावे. पैसे दिले म्हणून समोरची बाई दमायची थांबत नाही. आणि जाऊबाईंना मी या मे महिन्यात पनवेलला बोलावले आहे. चार दिवसांची चहाची पाळी ह्यांनी आपणहून घेतली आहे. पाहू या.

सासूबाई आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. पुढच्या पौषाच्या यादीत पहिले नाव त्यांचे आहे. त्यांनी मला एवढेच सांगितले आहे, "या खेपेला बोटीत वरच्या मजल्यावर बसू, खालून पाणी नीट दिसत नाही." ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.