कागदावरची साखर



"तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल," अशी अट संयोजकांनी मला घातली आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि कागदावर ग्लुकोज ओळखण्याचे प्रयोग करतो. आपली बॅच पन्नाशी ओलांडून गेली आहे. मघाशी बिनसाखरेच्या चहाची किटली आधी रिकामी झाली, तेव्हा विषय चुकला नाही याची खात्री पटली.

आपल्या आजोबांच्या काळी लघवीतली साखर बेनेडिक्टच्या द्रावणाने तपासत. निळं द्रावण परीक्षानळीत तापवायचं. साखर असेल तर ते हिरवं, पिवळं आणि जास्त असेल तर विटकरी होई. १९५६ साली अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या शास्त्रज्ञ दांपत्याच्या कामातून 'क्लिनिस्टिक्स' ही पट्टी आली. बुडवायची आणि रंग पाहायचा. तापवणं संपलं.

पुढचं पाऊल २००७ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने टाकलं. त्यांनी कागदावर पाणी न शोषणाऱ्या भिंती उभ्या केल्या आणि मधे बारीक वाटा ठेवल्या. लघवीचा एक छोटा थेंब, म्हणजे ५ मायक्रोलिटर, त्या वाटांनी आपोआप पसरतो. एका टोकाला ग्लुकोजची चाचणी होते, दुसऱ्या टोकाला प्रथिनाची. पंप नाही, वीज नाही. टिपकागद शाई ओढतो तेच हे केशाकर्षण. २००९ साली याच गटाने मेणाच्या प्रिंटरने रेषा छापून, कागद तापवून भिंती तयार केल्या आणि काम आणखी सोपं झालं.

रंग कसा येतो? कागदावर दोन विकरं आणि पोटॅशियम आयोडाइड वाळवून ठेवलेलं असतं. पहिलं विकर ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. दुसरं त्याच्या मदतीने आयोडाइडचं आयोडीन करतं आणि डाग तपकिरी होतो. साखर जास्त, तर डाग गडद.

आता महत्त्वाचं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर पुन्हा तपासूनही तेवढीच आली, तर मधुमेह धरतात. म्हणजे ज्याची साखर १४० आहे, त्याचा कागद कोराच राहील आणि तो माणूस निश्चिंत घरी जाईल. स्वस्त चाचणीचा खरा धोका हा आहे. रक्त थेट कागदावर घ्यावं, तर त्याचा लाल रंगच आड येतो. आधी पेशी गाळाव्या लागतात. शिवाय विकरं उन्हाळ्यात, दमट हवेत खराब होतात आणि ट्यूबलाइटखाली दिसणारा डाग उन्हात वेगळा दिसतो. माझे विद्यार्थी सध्या याच गोष्टींशी झटत आहेत.

मग एवढा खटाटोप कशाला? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो, पट्ट्या मात्र सतत लागतात. हातावर पोट असलेला माणूस तिथेच थांबतो. त्याला परवडणारी आणि त्याला न फसवणारी, अशी दोन्ही गुणांची पट्टी हवी. नुसती स्वस्त पट्टी करणं त्या मानाने सोपं आहे.

दोन विनंत्या करतो. पुढच्या महिनाभरात प्रत्येकाने उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावं. "मला काही त्रास नाही" हे कारण चालणार नाही, कारण सुरुवातीला अनेकांना त्रास होतच नाही. दुसरी विनंती शाळेला. फिल्टर पेपर, मेणाचे खडू आणि गरम इस्त्री एवढ्यावर या वाटांचा प्रयोग रंगीत पाण्याने नववीच्या वर्गात करता येईल. सामान मी पाठवतो, मुलं तुम्ही द्या.