घाबरलेल्या माणसाला काय म्हणायचं?

आजची गोष्ट एका अडकलेल्या लिफ्टमधली आहे.

नोकरीसाठी हाँगकाँगला जाऊन मला सहा महिने झाले होते. 'नाय छा', म्हणजे दुधाचा चहा, मागता येत होता. वाटलं, जमलं की कँटोनीज! मग एका संध्याकाळी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवे गेले. सोबत फक्त शेजारच्या आजी. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि पुटपुटत राहिल्या, "होउ केंग, होउ केंग!" मला वाटलं, कुणाला तरी हाक मारतायत. मी नुसता गप्प उभा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं: 'होउ' म्हणजे खूप, 'केंग' म्हणजे घाबरणं. आजी सांगत होत्या, खूप भीती वाटतेय. आणि मला ते कळलंच नव्हतं! फार वाईट वाटलं.

मग मी भीतीचे शब्दच गोळा करायला बसलो. रोमन लिपीत 'केंग' जी अक्षरानं लिहितात, पण उच्चार आपल्या 'क'सारखा. शेवटचा 'ग' नाकातच विरतो. सूर उंच आणि सपाट ठेवायचा. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत, सूर चुकला की अर्थ बदलतो.

घाबरून धांदल उडाली, तर 'थंग कय'. यातला 'कय' म्हणजे कोंबडी! मोठी पंचाईत झाली, तर 'ताय वोक', शब्दशः मोठी कढई. भित्रा माणूस 'सय ताम', म्हणजे लहान पित्ताशयाचा. आपलं धैर्य काळजात, त्यांचं पित्ताशयात. पाय मात्र दोघांचेही गळतात: 'कोक युन', पाय मऊ पडले.

पण सगळ्यात कामाचे शब्द तीनच: 'म् सय केंग'. घाबरू नका.

काही दिवसांनी आजी लिफ्टच्या दाराशी घुटमळताना दिसल्या. मी म्हटलं, "फोफो, म् सय केंग." फोफो म्हणजे आजी. त्या हसल्या, आधी माझा सूर दुरुस्त केला, मग माझा हात धरून आत आल्या.

नवी भाषा शिकताय? मग चहा मागायला शिकाच. पण त्याच आठवड्यात समोरच्याला धीर द्यायलाही शिका. ती वेळ सांगून येत नाही.

भेटू पुढच्या भागात!